रस्त्यात माणूस पडतो तेव्हा

गावात कुणी चक्कर येऊन पडले म्हणजे काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. पारावर बसलेले दोघे-तिघे उठून धावतात. एक जण त्याचे डोके मांडीवर घेतो. दुसरा उपरण्याने वारा घालतो. कुणी पोराला पाणी आणायला पिटाळतो. बायका कांदा फोडून आणतात. पाच मिनिटांत घरी निरोप पोचतो, कारण पडलेला माणूस कोणाचा कोण, हे साऱ्यांना ठाऊक असते.

आता तोच माणूस जालन्याला आला आहे असे समजा. त्याने मोंढ्यात माल घातला. पट्टी घेतली. दुपारच्या उन्हात, उपाशीपोटी, मस्तगडाच्या बाजूने पायी निघाला आणि मध्येच कोसळला. दुकाने उघडी आहेत. रिक्षा जाताहेत, फटफट्या जाताहेत. पन्नास माणसांनी त्याला पाहिले. पन्नासही जण पुढे गेले.

असे ऐकले की आपण म्हणतो, "शहरातल्या माणसाला काळीजच नसतं बघा." आम्ही तीसएक वर्षे शाळेत काढली. तिथेही पोरे असेच म्हणत. आम्हांला मात्र हे पटत नाही. शहरातली ही माणसे आली कुठून? निम्मीअर्धी आपल्याच गावांतून गेलेली आहेत. गाव सोडताना काळीज वेशीवर काढून ठेवले, असे काही त्यांनी केले नाही. मग तिथे गेल्यावर त्यांना होते तरी काय? ते या पाठात पाहू.

पुण्याजवळ भोसरी आहे. आपल्याकडची पुष्कळ पोरे त्या भागात कारखान्यांत कामाला जातात. तिथे २०१७ सालच्या फेब्रुवारीत एका पंचविशीच्या तरुणाला भर चौकात गाडीने उडवले. वेळ संध्याकाळची होती. भोवती गर्दी जमली. तो रक्तात पडला होता, आणि लोक मोबाइलवर त्याचे फोटो काढत होते. शेवटी त्या वाटेने जाणारा एक दातांचा डॉक्टर थांबला. त्याने रिक्षा थांबवली आणि त्या मुलाला दवाखान्यात नेले. मुलगा वाचला नाही. ही बातमी देशभर छापून आली. वाचून लोक हळहळले. हळहळणाऱ्यांपैकी पुष्कळ जण त्या चौकात असते, तर तेही उभेच राहिले असते. हे आम्ही कुणाला टोचायला म्हणत नाही. याची कारणे आहेत.

पण आधी याच्या उलट बाजू पाहा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या जालन्याला साऱ्या वर्षातही एवढा पाऊस सहसा होत नाही. रेल्वे बंद पडली, रस्ते बुडाले. लाखो माणसे वाटेत अडकली. त्या रात्री मुंबईच्या लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतले. चहा दिला, खिचडी दिली, कोरडे कपडे दिले. पुढच्या वर्षी, ११ जुलै २००६ ला, तिथल्या लोकल गाड्यांत सात बॉम्ब फुटले. तेव्हा रुळांच्या कडेला झोपड्यांत राहणारे लोक धावले. घरातल्या चादरींची झोळी करून त्यांनी जखमी माणसे उचलली. रुग्णवाहिका येईपर्यंत ते थांबले नाहीत.

शहर तेच आणि माणसेही तीच. मग एकदा धावतात आणि एकदा नाही, हे कसे?

बॉम्ब फुटला की संकट आले, याबद्दल कुणाला शंका राहत नाही. पण रस्त्याच्या कडेला एक माणूस आडवा पडला आहे, तेव्हा शंका येते. झोपला असेल का? दारू प्यायला असेल का? फीट आली असेल का? खात्री नसली की माणूस काय करतो? इतरांच्या तोंडाकडे पाहतो. इतर लोक शांत दिसतात. म्हणून तो ठरवतो की काळजीचे कारण नसावे. गंमत अशी की इतर लोकही त्याच्या तोंडाकडे पाहत असतात. तोही त्यांना शांतच दिसतो.

हे वर्गात रोज घडते. मास्तर गणित सोडवून दाखवतात आणि विचारतात, "समजलं का रे?" ज्याला समजलेले नसते, तो आजूबाजूला पाहतो. कुणाचाच हात वर नाही. त्याला वाटते, आपण एकटेच ढ आहोत. तो गप्प बसतो. सारा वर्ग असाच गप्प बसतो, आणि मास्तर पुढच्या गणिताकडे जातात. परीक्षेत मग कळते की चाळीसपैकी तीसांना काही समजले नव्हते.

अमेरिकेत लाताने आणि डार्ली नावाच्या दोन प्राध्यापकांनी १९६८ साली याची परीक्षा घेतली. त्यांनी विद्यार्थ्यांना एका खोलीत कागद भरायला बसवले. थोड्या वेळाने भिंतीतल्या झरोक्यातून खोलीत धूर सोडला. जे विद्यार्थी एकटे बसले होते, त्यांतल्या शंभरात पंचाहत्तर जणांनी उठून बाहेर खबर दिली. मग विद्यार्थ्याच्या शेजारी दोन माणसे बसवली. त्यांना आधीच सांगून ठेवले होते की धूर आला तरी हलायचे नाही. तेव्हा शंभरात दहाच जण उठले. बाकीचे धुरात खोकत, डोळे चोळत कागद भरत राहिले! एकटा माणूस स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो. चार माणसांत बसला की तो चौघांच्या डोळ्यांवर ठेवतो.

याच दोघांनी आणखी एक परीक्षा घेतली. या वेळी विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत होते आणि यंत्रावरून एकमेकांशी बोलत होते. मध्येच एकाला फीट आल्याचा आवाज ऐकू आला. ज्याला वाटत होते की हे ऐकणारा मी एकटाच आहे, तो बहुधा धावला. शंभरात पंच्याऐंशी जण धावले. ज्याला वाटत होते की माझ्याशिवाय आणखी चौघे ऐकत आहेत, त्यांतले शंभरात एकतीसच धावले. इथे कुणाचे तोंड दिसत नव्हते. संकट आहे हेही कळत होते. पण ओझे पाच जणांत वाटले गेले होते. 'कुणीतरी जाईलच' असे प्रत्येकाला वाटले.

राजाच्या हौदाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. राजाने दवंडी पिटवली की रात्री प्रत्येकाने हौदात घागरभर दूध घालावे. प्रत्येकाने विचार केला, एवढ्या दुधात माझी एक घागर पाणी कुणाला कळणार? सकाळी पाहतात तो हौद पाण्याने भरलेला. रस्त्यावरची गर्दी त्या हौदासारखी असते. म्हणून शंभर माणसांच्या चौकात पडण्यापेक्षा एकट्या माणसासमोर पडलेले कधीकधी बरे. ऐकायला उफराटे वाटते, पण तसे आहे खरे.

आता दारूबद्दल बोलू. आमच्या मते आपल्याकडे सर्वांत जास्त घात यानेच होतो. मळके धोतर, वाढलेली दाढी, अंगाला माती, असा माणूस रस्त्यात पडला की पाहणारा लगेच म्हणतो, "चढवली असंल." आणि नाक मुरडून बाजूने जातो. न्यूयॉर्क शहरातल्या भुयारी रेल्वेत १९६९ च्या सुमारास मुद्दाम माणूस पाडून पाहिला होता. त्याच्या हातात काठी असली की ६५ वेळांपैकी ६२ वेळा लोकांनी आपणहून त्याला उचलले. त्याच्या अंगाला दारूचा वास असला आणि हातात बाटली असली की ३८ पैकी १९ वेळाच उचलले. एका गोष्टीचे मात्र आम्हांला नवल वाटते. डबा माणसांनी भरलेला असूनही काठीवाल्याला मदत मिळाली. कारण उघड आहे. चालत्या डब्यातून पळून जाता येत नाही, आणि काठी पाहून शंकाही राहत नाही.

मस्तगड हा जालन्यातला जुना किल्ला. पुढे त्यात नगरपालिकेची कचेरी आली, आणि भोवती माणसांची वर्दळ कायम राहिली. आम्ही निवृत्त झाल्यानंतर एकदा मे महिन्यात त्या बाजूला कामाला गेलो होतो. एक साठीचा गृहस्थ भिंतीला टेकून घसरत खाली बसला, मग आडवा झाला. बोलणे अडखळत होते. अंग घामाने भिजले होते. कॉलेजची दोन पोरे हसून गेली. एक बाई लेकराला ओढत पलीकडून गेली. आम्ही जवळ जाऊन वाकलो. दारूचा वास नव्हता. खिशात सरकारी दवाखान्याचा कागद होता, त्यावर साखरेच्या आजाराच्या गोळ्या लिहिलेल्या. सकाळी गोळी घेतली होती आणि पोटात अन्न नव्हते. त्याला शुद्ध होती, घोट गिळता येत होता. म्हणून समोरच्या चहावाल्याकडून साखरेचे दाट पाणी करून घेतले आणि हळूहळू पाजले. पाव तासात गृहस्थ उठून बसला आणि पहिली गोष्ट विचारली, "माझी पिशवी कुठाय?" पिशवी चहावाल्याने उचलून ठेवली होती.

रक्तातली साखर फार उतरली की माणूस झोकांड्या खातो, बरळतो, त्याला घाम सुटतो. उन्हाची झळ लागली तरी तो भ्रमिष्टासारखा करतो. लकवा मारला की तोंड वाकडे होते, जीभ जड होते. फीट येऊन गेल्यावर तो गुंगीत पडून राहतो. ही सारी सोंगे दारूसारखीच दिसतात. आणि समजा, खरेच प्यायला असेल. तरी उन्हात पडलेला दारुडा मरतोच. त्याच्याही घरी लेकरे असतात.

घाईचेही तसेच. अमेरिकेत धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना १९७३ साली एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण करायला पाठवले. काहींच्या भाषणाचा विषय होता, वाटेत पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची गोष्ट. वाटेत एक माणूस दाराशी कण्हत बसवला होता. ज्यांच्याजवळ वेळ होता, त्यांतले शंभरात ६३ थांबले. ज्यांना "उशीर झाला, पळा" असे सांगितले होते, त्यांतले दहाच थांबले. परोपकारावर बोलायला निघालेली माणसे कण्हणाऱ्याला ओलांडून गेली! शहरात सारेच 'पळा' म्हणून सोडलेले असतात. गाडी चुकते, हजेरी कापली जाते.

भीतीचे कारण यापेक्षाही जुने आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या हाडात मुरली आहे. जखमीला उचलले की पोलीस विचारणार, "तूच धडक दिली काय?" दवाखान्यात म्हणणार, "आधी पैसे भरा." मग जबाब, मग तारखा. दिल्लीच्या पीयूष तिवारी यांच्या नात्यातला एक शाळकरी मुलगा २००७ साली असाच रस्त्यावर पडून राहिला आणि गेला. त्यानंतर त्यांनी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था काढली. या संस्थेने २०१३ साली अनेक शहरांत लोकांना विचारले, की अपघातात सापडलेल्याला तुम्ही मदत कराल काय? शंभरात ७४ जण म्हणाले, बहुधा करणार नाही. त्या नाही म्हणणाऱ्यांतल्या शंभरात ८८ जणांनी कारण सांगितले ते पोलीस आणि कोर्ट यांचे.

ही भीती एके काळी खोटी नव्हती. आता मात्र कायदा बदलला आहे, तो नीट वाचा. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जखमी माणूस आला की आधी उपचार करायचे. पोलिसांचे कागद मागून. हे सरकारी आणि खाजगी, दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. सेव्हलाइफ संस्था २०१२ साली न्यायालयात गेली. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे नियम साऱ्या देशाला बंधनकारक केले. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यातच १३४-अ हे कलम घातले गेले, आणि २०२० साली त्याचे नियम झाले. वाहनाच्या अपघातात सापडलेल्याला तुम्ही चांगल्या हेतूने मदत केली, आणि तो दगावला, तर तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी खटला चालत नाही. तुमचे नाव-पत्ता सांगण्याची सक्ती कुणी करू शकत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही, हे तुमच्या मर्जीवर. तुम्हांला दवाखान्यात अडकवून ठेवता येत नाही. हा कायदा वाहनाच्या अपघातापुरता आहे. कुणी नुसता चक्कर येऊन पडला असेल, तर तिथे पोलिसांचा संबंध सहसा येतच नाही. म्हणजे ज्या कामात भीतीचे कारण सर्वांत कमी, तिथेच आपण सर्वांत जास्त भितो.

कायदा छापून झाला, तरी तो चौकीवरच्या प्रत्येक शिपायाला तोंडपाठ असतो असे नाही. म्हणून कलमाचा आकडा लक्षात ठेवावा. '१३४-अ' एवढे जरी बोललात तरी समोरचा माणूस आवाज खाली आणतो.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. गावात सारे धावतात असे आम्ही सुरुवातीला लिहिले. पण पूर्वी पडलेला कोणत्या आळीचा, कोणत्या जातीचा, हे पाहून पाय उचलणारे होते, आणि कुठे कुठे अजून आहेत. हमरस्त्यावर तेलाचा टँकर उलटला की ड्रायव्हरला बाहेर काढण्याआधी कॅन घेऊन धावणारी माणसे खेड्यांतलीच असतात. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. तो आपल्या जालना जिल्ह्यातून जातो. म्हणजे आता नागपूरचा, मुंबईचा परका माणूस आपल्याच शिवारात पडणार. तो कुणाचा कोण, हे पारावर कुणालाही ठाऊक नसणार.

पडलेला माणूस दिसला की पहिल्यांदा जवळ जाऊन मोठ्याने हाक मारा, खांदा हलवा. एक माणूस वाकला की दुसरे चार आपोआप थांबतात. हे आम्ही कितीदा तरी पाहिले आहे. मग गर्दीकडे पाहून "कुणीतरी फोन करा हो" असे ओरडू नका. 'कुणीतरी' नावाचा माणूस गर्दीत नसतो. एकाकडे बोट करा. "ओ निळा सदरा, दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा." "ताई, तुम्ही त्या दुकानातून पाणी आणा." नाव घेऊन सांगितले की ओझे वाटले जात नाही, एकाच्या अंगावर येते, आणि तो करतो. तुम्ही स्वतः पडलात आणि शुद्ध असेल, तरी हेच करा. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. तिला पैसे पडत नाहीत. ठिकाण सांगताना जवळची ठळक खूण सांगावी.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनळीत जाते. फीट आलेल्याला चप्पल किंवा कांदा हुंगवू नये, त्याने काही होत नाही. दातांत चमचाही घालू नये. त्याला कुशीवर वळवावे आणि भोवतीची गर्दी हटवावी. उन्हाने पडलेल्याला सावलीत घ्यावे, अंगावर ओले फडके टाकावे, वारा घालावा. हाक दिली तरी ओ नाही आणि श्वासही चालत नाही, असे असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोराने दाबावे. मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा, निदान दोन इंच छाती खाली जाईल इतके, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. हे कागदावरून पुरते येत नाही. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना सांगून चार जणांनी एकदा शिकून घ्यावे.

आणखी एक काम आहे, आणि ते तुम्ही आता स्वतः करू शकता. तुम्हांला लिहिता येते. शहरात जाताना एक चिठ्ठी लिहून जवळ ठेवा. मोबाइल असतो, पण तो कुलूप लावलेला असतो, किंवा आपटून बंद पडतो. कागद कुणालाही वाचता येतो. पडलेल्या माणसाच्या खिशात नाव सापडले की तो परका राहत नाही. आम्ही वर्गात सांगतो, तसा नमुना इथे देतो. मोकळ्या जागी आपले नाव, गाव घालावे.

"माझे नाव ______. गाव ______, तालुका ______, जिल्हा जालना. घरचा फोन ______. मला ______ आजार आहे. ______ ही गोळी चालू आहे. माझा रक्तगट ______."

अक्षर मोठे काढावे. घामाने शाई पसरते, म्हणून चिठ्ठी प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालावी. पुरुषांनी ती सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवावी, बायांनी कमरेच्या पिशवीत. पैशांच्या पाकिटात मात्र ठेवू नये. माणूस रस्त्यात पडला की पाकीट आधी जाते.